कळण्याच्या भाकरीचा माग

गुरुवार: जळगाव, आसोदा

थंडी पडली की जळगावकडे जेवणाचं निमंत्रण ‘भरिताला या’ एवढ्यावरच भागतं. तसंच निमंत्रण आत्याच्या नणंदेकडून आलं आणि आम्ही दोघं निघालो. आत्याचं सासर यावल तालुक्यातलं. निम्मं आयुष्य तिथल्या चुलीपुढे गेलं, आता ती पुण्यात आमच्याजवळ असते. तिला माणसांना भेटायचं होतं आणि मला एका प्रश्नाचा पाठपुरावा करायचा होता. ज्याला आपण अस्सल खानदेशी जेवण म्हणतो, त्यातला एकेक जिन्नस मुळात कुठला? वाचलेलं पुष्कळ होतं. ते शेतात, बाजारात आणि पंगतीत बसून ताडून बघायचं होतं.

आसोदा जळगावच्या अगदी जवळ. बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेलं हे गाव, भरिताच्या वांग्यांसाठीही तितकंच नावाजलेलं. शेतात पोहोचलो तेव्हा पऱ्हाट्यांचा जाळ पेटलेला होता. कापूस वेचून झाल्यावर उरलेली ही काटक्यांची रास खानदेशात वाया जात नाही, भरिताच्या चवीतला धूर तिचाच असतो. वांगी मोठी, पोपटी-पांढरी, पातळ सालीची आणि कमी बियांची. या ‘जळगाव भरीत वांग्या’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोदची वांगी चांगली की आसोद्याची, हा वाद तिथे जाळाभोवती चालूच होता. मी त्यात पडलो नाही.

भाजून साल काढलेली वांगी लाकडी भांड्यात लाकडी दांड्याने कुटायची. मिक्सर लावला तर भरिताची पेस्ट होते, धागा राहत नाही. मग हिरवी मिरची आणि लसूण ठेचून घातलेली तेलाची फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात, कोथिंबीर. केळीच्या पानावर भरीत, पुरी आणि कळण्याची भाकरी.

पहिला घास घेतला आणि मी आत्याला म्हटलं, “यातलं वांगं तेवढं पक्कं आपलं.”

वांग्याचा जुना पुरावा भारतात आहे. हरियाणातल्या फरमाणा इथे सिंधू संस्कृतीच्या काळातल्या भांड्यांवर चिकटून राहिलेले स्टार्चचे सूक्ष्म कण तपासले गेले, त्यात वांगं, हळद आणि आलं यांच्या खुणा सापडल्या. हे भांडं साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. त्यातलं आलं-हळदीतलं वांगं आणि आजचं भरीत यांच्यात मिरची आणि शेंगदाणा सोडला तर फार अंतर नाही. लसूण-कांदा मध्य आशियाच्या बाजूचे, कोथिंबीर भूमध्य समुद्राकडची. हिरवी मिरची मेक्सिकोकडची आणि शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, आजच्या बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनाच्या पट्ट्यातला. भुईमूग हे पीकच मुळी दोन रानटी जातींच्या संकरातून जन्मलं.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वांगं, मिरची, टोमॅटो आणि बटाटा एकाच कुळातले. वांग्याचे पूर्वज जुन्या जगात राहिले, बाकीच्यांचे अमेरिकेत. माणसाने मिरची जहाजात घालून आणली नसती तर हे भाऊबंद पुन्हा कधी भेटलेच नसते. आसोद्याच्या शेतात ते एका दांड्याखाली कुटले जात होते.

आत्याने नेमका प्रश्न विचारला. “मग मिरची येण्याआधी भरीत तिखट कशाने करत होते रे?”

मिरी, पिंपळी आणि आलं. तिला ते पटलं. सुंठ-पिंपळीचा काढा तिच्या आजीने पाजलेला होता, पिंपळीचा झणका तिला आठवत होता. “पण मिरी रोज कोण घालणार? मीठ-मिरची म्हणजे रोजचं झालं,” ती म्हणाली. हा धागा पुढे नंदुरबारला लागणार होता.

कळण्याच्या भाकरीबद्दल मात्र ती ऐकायला तयार नव्हती. ज्वारीत अख्खे काळे उडीद घालून दळायचं, त्या करड्या पिठाची ही भाकरी. ठेचा, कच्चं तेल आणि कांद्याबरोबर खावी. उडीद भारतातच माणसाळलेला, त्याचे रानटी नातलग आजही पश्चिम भारताच्या डोंगरांत आहेत. पण ज्वारी आफ्रिकेतली आहे, असं म्हटल्यावर आत्याने भाकरी खाली ठेवली. “ज्वारी? आपली दादर? ती कुठली आफ्रिकेतली!”

दादर म्हणजे खानदेशातली रब्बीची, टपोऱ्या दाण्याची, गोड ज्वारी. मी म्हटलं, प्रकाश्याला जाऊ तेव्हा सगळं सांगतो.

शुक्रवार: फैजपूर, सावदा, रावेर

सकाळी तापी ओलांडून उत्तरेला गेलो. इथून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत दोन्ही हातांना केळीच केळी. फैजपूरला चहा घेतला. १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन इथे भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. अधिवेशनाची आठवण गावात अजून अभिमानाने सांगतात.

आत्याच्या दिराच्या बागेत घड उतरवणं चाललं होतं. घड खांद्यावर झेलणारा माणूस, फण्या कापणारा, पाण्यात धुणारा, खोक्यात भरणारा, सगळं एका लयीत. सावदा आणि रावेर स्टेशनांवरून वर्षानुवर्षं केळीच्या वॅगनी उत्तरेकडे, दिल्लीपर्यंत गेल्या. जळगाव केळीलाही २०१६चंच मानांकन आहे.

केळीचा प्रवास मला सगळ्या पिकांत विलक्षण वाटतो. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात कुक नावाची दलदल आहे. तिथे सुमारे सात हजार वर्षांपूर्वी माणसं केळी लावत होती, याचे पुरावे मिळाले आहेत. रानकेळं टणक बियांनी भरलेलं असतं. आपण खातो ते केळं वांझ आहे, त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने बी धरत नाही. फळाच्या मधोमध दिसणारे बारीक काळे ठिपके हीच काय ती बियांची खूण. म्हणजे हजारो वर्षं कुणी ना कुणी हाताने कंद उचलून दुसरीकडे लावत आलं म्हणून केळी टिकली. माणूस थांबला असता तर बागेतली केळीही संपली असती.

जळगावात जुन्या माणसांच्या तोंडी बसराई, श्रीमंती ही नावं आहेत. आता टिश्यूकल्चरची ग्रँड नैन सगळीकडे. या तिन्ही जाती कॅव्हेंडिश गटातल्या, आणि त्या गटाच्या नावाची कथा खानदेशापासून फार दूर, इंग्लंडच्या थंडीत घडली. डेव्हनशायरचा सहावा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश, त्याचा चॅट्सवर्थचा वाडा आणि जोसेफ पॅक्स्टन नावाचा कर्तबगार माळी. मूळ चीनकडची ही बुटकी केळ मॉरिशसमार्गे त्याच्या हाती आली. पॅक्स्टनने ती काचगृहात वाढवली, १८३५ साली तिला फळं धरली आणि मालकाच्या घराण्याचं नाव तिला मिळालं. तिथून मिशनऱ्यांनी तिची रोपं समोआ बेटांवर नेली.

तरी शंभर वर्षं जगाच्या बाजारात राज्य होतं ते ग्रो मिशेल या दुसऱ्याच जातीचं. जमिनीतल्या बुरशीमुळे होणाऱ्या पनामा रोगाने १९६०च्या आसपास तिचा व्यापार बुडाला, आणि तिच्या जागी रोगाला दाद न देणारी कॅव्हेंडिश आली. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही धरतो आहे. बागेतली सगळी झाडं एकमेकांची हुबेहूब नक्कल असल्यावर एकाला लागलेला रोग सगळ्यांना लागतो. आत्याच्या दिरांना हे माहीत होतं. बाहेरून आलेल्या माणसाने बुटाची माती झटकल्याशिवाय बागेत येऊ नये, असं ते म्हणाले, आणि ते अगदी बरोबर आहे.

रावेरहून बऱ्हाणपूर जवळच, आज मध्य प्रदेशात असलं तरी जुन्या खानदेशाची ती राजधानी. १६३१ साली मुमताजमहल तिथेच वारली. बिर्याणीचा शोध तिने लावला अशी एक कथा लोक हौसेने सांगतात, आम्हालाही एका नातलगांनी ऐकवली. पदार्थांच्या अशा जन्मकथांवर माझा विश्वास बसत नाही. राणी आणि बादशहा यांची नावं कथेला चिकटतात, कारण ती लक्षात राहतात. पिकांचा खरा इतिहास मातीत जळून कोळसा झालेल्या दाण्यांत असतो आणि त्या दाण्यांवर कुणाचं नाव नसतं.

शनिवार: अमळनेर, धुळे

अमळनेर म्हटलं की साने गुरुजी, तत्त्वज्ञान मंदिर आणि मंगळग्रह मंदिर. माझ्या यादीत आणखी एक गोष्ट होती: वनस्पती तूप.

२९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना अमळनेरला. आज जग जिला विप्रो म्हणून ओळखतं ती हीच. आसपास भुईमूग पिकत होता, रेल्वे दारातून जात होती, म्हणून गाव निवडलं. शेंगदाण्याच्या तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की तेल घट्ट होतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान याने १९०२ साली या प्रक्रियेचं पेटंट घेतलं होतं. जर्मनीतलं रसायन, दक्षिण अमेरिकेतला दाणा आणि बोरीकाठचं गाव, या तिघांतून डबे भरभरून ‘तूप’ बाहेर पडलं आणि लग्नाच्या पंगती त्यावर उठल्या. पुढे कंपनीचे समभाग गावातल्या अनेकांनी जपून ठेवले आणि त्यांची घरं भरली, ते सांगायला अमळनेरात कुणीही मिळतं.

एक तपशील मला फार आवडतो. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळून फसवणूक होऊ नये म्हणून त्यात पाच टक्के तीळतेल घालणं कायद्याने सक्तीचं केलं होतं. तीळतेल असलं की एका साध्या रासायनिक चाचणीत गुलाबी रंग येतो आणि भेसळ उघडी पडते. तीळ हे भारतात माणसाळलेलं, हडप्पाच्या काळापासूनचं तेलबी. नव्या पदार्थावर पहारा ठेवायला आपण आपलं सगळ्यात जुनं तेल बसवलं. अशा तुपातल्या ट्रान्सफॅटचा हृदयाला धोका असतो हे नंतर समजलं, आणि जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्सफॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली.

दुपारी धुळ्याला पोहोचलो. राजवाडे संशोधन मंडळाच्या वास्तूसमोर थोडा वेळ थांबलो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी शेवटची वर्षं या गावात काढली, १९२६ साली ते इथेच वारले.

संध्याकाळी शेवभाजी. जाड, तिखट शेव आणि काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा. रस्सा उकळत असताना शेव घालायची नसते, पानात वाढताना घालायची. हरभरा आग्नेय तुर्कस्तानातला, आणि तोही आपल्याकडे हजारो वर्षांपासून.

खरा खजिना मसाल्याच्या दुकानात होता. काळा मसाला करायचा तर लवंग इंडोनेशियाच्या मलुकू बेटांची, जायपत्री बांदा बेटांची, चक्रफूल दक्षिण चीन-व्हिएतनामकडचं, हिंग अफगाणिस्तान-इराणचा. हिंग इतका खाऊनही आपल्याकडे त्याची पद्धतशीर लागवड ऑक्टोबर २०२०मध्ये हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात सुरू झाली. आणि दगडफूल? ते फूलही नाही, पानही नाही. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून संसार थाटलेला तो एक जीव, झाडांच्या सालीवर आणि खडकावर वाढणारा. भाजल्याशिवाय त्याला वास सुटत नाही. हे पहिल्यांदा कढईत टाकून बघण्याचं कुणाला सुचलं असेल, याचं मला फार कौतुक वाटतं. दुकानदार काकांनी एक चिमूट गरम तव्यावर टाकून दाखवली आणि सगळ्या दुकानात रश्श्याचा वास भरला.

या सगळ्या यादीत धुळ्याचं काय? भाजण्याची पातळी. सुकं खोबरं आणि कांदा कुठवर काळा करायचा, करपण्याच्या किती अलीकडे थांबायचं, हे ज्ञान इथलं. खानदेशी जेवणाचा अभिमान बाळगायचा तर तो या हाताचा बाळगावा, असं मला वाटतं. जिन्नस जगभरचे आले, त्यांना एका चवीत आणलं ते इथल्या बायकांनी. त्यांची नावं कुठल्याही कागदावर नाहीत, हे मला मनापासून खटकतं.

रविवार: नंदुरबार

दोंडाईचा मागे पडल्यावर मिरचीचा वास गाडीच्या काचा बंद असूनही येऊ लागला. नंदुरबारात बाजार समितीत ओली लाल मिरची येते. व्यापारी ती घेतात आणि शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर वाळत घालतात. या मैदानांना पथारी म्हणतात. नजर पोहोचेल तिथवर लाल. तोंडाला ओढणी बांधलेल्या बाया मिरची उलटीपालटी करत, देठ खुडत बसलेल्या. मला दहा मिनिटांत ठसका लागला. त्या सकाळपासून तिथे होत्या. त्यांच्यातल्या एकीला आत्याने हात दाखवायला सांगितलं. बोटं सुजलेली. “रातले आग व्हस,” ती म्हणाली. रात्री हातांची आग होते. घरी जाऊन ती बोटं तेलात बुडवून ठेवते. आपल्या ताटात येणाऱ्या तिखटाची ही बाजूही मूळ सांगताना सांगितली पाहिजे.

झाडाने ही आग कशासाठी तयार केली असेल? पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही. ते फळ गिळतात, बी न चावता दूर नेऊन टाकतात. उंदरासारखे सस्तन प्राणी बी चावून टाकतात, म्हणून त्यांच्यासाठी ही आग. मेक्सिकोतल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी नेमकी हीच आग आवडून घेतली आणि मिरची शेतात लावली. सस्तन प्राण्यांना दूर ठेवायला निघालेलं झाड एका सस्तन प्राण्याच्या हातून जगभर पोहोचलं.

कोलंबस १४९२ साली अमेरिकेत पोहोचला, वास्को द गामा १४९८मध्ये कालिकतला. त्यानंतरच पोर्तुगीज जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. अकबराच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवल्या, त्यांत तिखटासाठी मिरी आहे, मिरची नाही. किनाऱ्यावरून ती आत सरकायला वेळ लागला, पण एकदा सरकली ती कायमची.

का, याचं उत्तर आत्याने आसोद्यालाच दिलं होतं. मिरी मलबारच्या ओल्या डोंगरात पिकते, ती विकत घ्यावी लागे. मिरची परसात, शेताच्या बांधावर, खानदेशाच्या कोरड्या हवेतही येते आणि वाळवली की वर्षभर पुरते. कोरडी भाकरी घशाखाली उतरायला काहीतरी चरचरीत लागतं. ते ज्या दिवशी फुकटात मिळायला लागलं, त्या दिवशी गरिबाच्या जेवणाला चव आली. मला ही सगळ्या आगमनांतली मोठी घटना वाटते. बादशहाच्या ताटात मिरी होतीच, मिरचीने शेतमजुराच्या भाकरीवर ठेचा ठेवला.

सोमवार: प्रकाशे

एकादशी. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे, दक्षिण काशी म्हणून ओळखलं जाणारं. केदारेश्वराला आत्याने बेल वाहिला. घाटावर गर्दी होती, पाणी शांत, पलीकडे पपईच्या आणि केळीच्या बागा. पपईही मध्य अमेरिकेतली.

याच गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, १९५५ साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनचे वस्तीचे थर उजेडात आणले. म्हणजे तापीकाठच्या या टेकाडावर चुली पेटायला लागून तीन हजारांहून अधिक वर्षं झाली. आत्याला दिलेला शब्द इथे पाळला.

ज्वारीचा आतापर्यंतचा जुना पुरावा पूर्व सुदानमधला. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापऱ्यांत, माती मळताना मिसळलेल्या कोंड्याचे ठसे राहिले होते. त्या ठशांवरून समजलं की ज्वारी तेव्हा माणसाळत होती. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. बाजरी सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातली, मालीकडची. ही दोन्ही धान्यं अरबी समुद्राच्या वाटेने इसवीसनपूर्व दुसऱ्या सहस्रकात भारतात आली. त्याच काळात महाराष्ट्रात तापी-गोदावरीच्या खोऱ्यांत शेतकऱ्यांची गावं वसत होती. काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस, अशा जागी कमी पाण्यावर तगणारं धान्य मिळालं. अकबराने १६०१मध्ये खानदेश जिंकला तेव्हाच्या नोंदीत अबुल फजल लिहितो की इथे मुख्यतः ज्वारी पिकते आणि तिचं ताट इतकं गोड-कोवळं असतं की लोक ते फळासारखं खातात.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “साडेतीन हजार वर्षं इथे राहिली ना? मग माझीच आहे ती. मी तर यावलला लग्न होऊन आले, मलाही तिथलीच म्हणतात.” यावर मला काही जोडायचं नव्हतं.

फराळाला घाटाजवळच्या एका घरगुती खानावळीत बसलो. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, उकडलेलं रताळं, शेंगदाण्याची आमटी, भगर, हिरव्या मिरचीची चटणी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा ब्राझीलकडचा. केरळात तो रुजला, एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीला जोर दिला, आणि आज आपल्या बाजारातला बहुतेक साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो. बटाटा अँडीज पर्वतातला. रताळं अमेरिकेतलं, शेंगदाणा अमेरिकेतला, मिरची अमेरिकेतली. एकादशीच्या पानावरची भगर, जिरं आणि दही सोडलं तर बाकी सगळं कोलंबसानंतरचं. तूर, मूग, उडीद ही या मातीतली कडधान्यं त्या दिवशी वर्ज्य, आणि हे पाहुणे चालतात.

याचं कारण मला असं दिसतं की उपवासाचे नियम धान्य टाळायचे होते. रोज पिकवून खायचं ते बाजूला ठेवायचं, कंद-फळांवर राहायचं. नवे कंद आले ते या रिकाम्या जागेत सहज बसले, कारण त्यांना मनाई करणारा जुना नियमच नव्हता. आत्या म्हणते, देवाला भाव कळतो, बटाट्याचं गाव कळत नाही. मी तिच्या बाजूचा आहे.

मंगळवार: धडगाव

शहाद्याहून सातपुडा चढत धडगावला गेलो. रस्ता वळणांचा, आत्याला त्रास झाला, त्यामुळे फार हिंडलो नाही. एका पावरा आदिवासी कुटुंबाकडे जेवण होतं. मक्याची भाकर, उडदाची डाळ, रानभाजी आणि लाल मिरचीची चटणी. भाकर हातावर थापलेली, जाड, खरपूस.

मका मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात नऊ हजार वर्षांपूर्वी एका गवतापासून घडला. तिथल्या लोकांची तो रांधायची रीत वेगळी होती: चुनखडीच्या पाण्यात शिजवून मग वाटायचा. त्याने मक्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. जहाजांतून दाणा जगभर गेला, ही रीत मागे राहिली. स्पेन आणि इटलीत नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना पेलाग्रा हा भयंकर रोग झाला. सातपुड्याच्या या पानात मक्याला उडीद आणि हिरवी भाजी सोबत आहे. माऊलींना त्यामागचं रसायन सांगावं लागलं नाही, त्यांना जोडी ठाऊक होती.

जेवणानंतर त्यांनी वाळवलेली मोहाची फुलं दाखवली, चैत्रात वेचून ठेवलेली. भाजून तिळाबरोबर कुटली की लाडू होतात. आमचूरही होता, उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, दगडांवर वाळवलेला. मोह आणि आंबा दोन्ही अगदी इथले. जाताना घरातल्या आजींनी आत्याच्या पदरात दोन मुठी आमचूर बांधून दिला, पैसे घेतले नाहीत.

बुधवार: नवापूर

शेवटचा टप्पा नवापूर. हे रेल्वे स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरातच्या हद्दीवर उभं आहे, फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्या. लोक तिथे बसून फोटो काढतात, आम्हीही काढला.

मला इथे यायचं होतं ते तुरीसाठी. नवापूर तूरडाळीला मानांकन आहे, तेही २०१६चंच. दाणा लहान, डाळीला वास सुरेख. तूर माणसाळली ती ओडिशा-बस्तरच्या पट्ट्यात, तिचा रानटी पूर्वज अजून तिथल्या जंगलात उगवतो. आठवडाभर मी आत्याला काय काय बाहेरून आलं ते सांगत होतो, त्याचा हिशोब इथे दुसऱ्या बाजूने भरला.

तूर भारतातून पूर्व आफ्रिकेत गेली, तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर पोहोचली. जमैकात नाताळच्या दिवसांत नारळाच्या दुधातल्या भातात हिरवे तुरीचे दाणे घालतात. पोर्तो रिकोत तर तुरीच्या दाण्यांचा भात हा नाताळचा मानाचा पदार्थ. ज्यांनी तो तिथे रुजवला ती माणसं साखळदंडात नेलेली होती आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या तुकडाभर जमिनीत हे पीक तगलं, कारण तूर खडकाळ जागीही येते आणि जमिनीला नत्र देते. आंबा पोर्तुगिजांनी ब्राझीलला नेला. वांगं पश्चिमेला इराण, अरबस्तान करत भूमध्य समुद्रापर्यंत गेलं, तिथेही ते जाळावर भाजतात आणि लसूण घालून कुटतात.

“म्हणजे भरीत तिकडेही करतात?” आत्याने विचारलं.

लेबनॉन-सीरियात करतात. शेंगदाण्याऐवजी तिळाची पेस्ट, फोडणीऐवजी लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. आत्याने पाककृती नीट विचारून घेतली, तीळ किती, लिंबू किती. सुरतच्या गाडीला अजून तासभर होता. तेवढ्यात बाजारात जाऊन आम्ही पाच किलो तूरडाळ आणि पांढरे तीळ घेतले. आसोद्याच्या नणंदेने बांधून दिलेली भरिताची वांगी पिशवीत होतीच, त्यातली दोन या नव्या रीतीसाठी आत्याने वेगळी काढून ठेवली.